घरच्या संगणकातील माहितीचे जतन

संगणक बिघडला तर तो दुरुस्त करून घेता येतो. दुरुस्त होण्याजोगा नसेल तर नवा विकत घेता येतो. हा खर्च पुष्कळ कुटुंबांना जड जातो हे खरे. पण त्याचा अंदाज आधी बांधता येतो आणि बाजारात गेले की त्या यंत्राच्या तोडीचे दुसरे यंत्र मिळते. संगणकात साठविलेल्या माहितीची गोष्ट तशी नाही. मुलीच्या बारशाची छायाचित्रे, दिवंगत आजीच्या आवाजातील ओव्यांचे ध्वनिमुद्रण, चार वर्षे खपून लिहीत आणलेला प्रबंध, गावाकडील जमिनीच्या वाटणीसंबंधीचा पत्रव्यवहार, या गोष्टी कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. एकदा नष्ट झाल्या की त्या कायमच्या गेल्या.

असे असूनही घरोघरी काळजी घेतली जाते ती यंत्राची. संगणकावर धूळ बसू नये म्हणून त्यावर कापड टाकले जाते, विजेच्या दाबातील चढउतारांपासून त्याला जपण्यासाठी यूपीएस बसविला जातो. हे सर्व योग्यच होय. परंतु त्या यंत्रातील माहितीची दुसरी प्रत अन्यत्र आहे काय, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी नकारार्थी उत्तर मिळते. प्रत करून ठेवण्याच्या या क्रियेला बॅकअप असे म्हणतात. ती कठीण नाही, फारशी खर्चाचीही नाही. तिची आठवण मात्र नुकसान झाल्यानंतर येते आणि तेव्हा तिचा उपयोग नसतो. बॅकअप का, किती व कसा घ्यावा याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

माहिती कशात साठविलेली असते?

प्रथम माहिती साठविण्याच्या साधनांची थोडी ओळख करून घेऊ. अमेरिकेतील आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये फिरत्या चुंबकीय चकत्यांचे पहिले व्यापारी यंत्र बाजारात आणले. त्यात प्रत्येकी २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या. यंत्राचे वजन सुमारे एक टन होते आणि त्यात ५० लक्ष अक्षरे मावत. आजच्या मोबाइलने काढलेले एखादे चांगल्या प्रतीचे छायाचित्रच तेवढी जागा व्यापते. आज तळहातावर मावणारी एक टेराबाइटची हार्ड डिस्क अशी सुमारे अडीच लाख छायाचित्रे सामावून घेते. या प्रगतीमुळे एक धोकाही वाढला आहे. पूर्वी एक अल्बम हरवला तर शेपन्नास छायाचित्रे जात असत. आता एक डिस्क निकामी झाली की घरातील वीस वर्षांचा इतिहास एका क्षणात नाहीसा होऊ शकतो.

हार्ड डिस्कमधील चकती मिनिटाला सामान्यतः ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. तिच्यावरील माहिती वाचणारा सूक्ष्म शीर्षभाग पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतो. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर होय. एवढ्या अल्प अंतरामुळे डिस्क चालू असताना बसलेला धक्का किंवा हातून पडणे तिला घातक ठरते. शिवाय ती फिरणारी वस्तू असल्यामुळे कालांतराने झिजणारच.

अलीकडील संगणकांत एसएसडी, तसेच पेन ड्राइव्ह व मोबाइलमधील कार्ड यांत फिरणारा भाग नसतो. तेथे माहिती सूक्ष्म कप्प्यांतील विद्युत्भाराच्या रूपाने साठविली जाते. धक्क्याची भीती येथे कमी असते, परंतु प्रत्येक कप्प्यावर लिहिण्याची मर्यादा ठरलेली असते, आणि असे साधन वर्षानुवर्षे विजेशिवाय पडून राहिले तर त्यातील भार हळूहळू क्षीण होत जातो. म्हणूनच पेन ड्राइव्ह हे माहिती ने-आण करण्याचे साधन मानावे, ती कायमची जपण्याचे नव्हे. घरी तबकडीवर उतरविलेल्या सीडी व डीव्हीडी यांच्यातील रंजकद्रव्याचा थरही उष्णता, प्रकाश व दमट हवा यांनी खराब होतो. कोकण, गोवा, केरळ किंवा बंगालच्या किनारी भागात राहणाऱ्यांनी वीस वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या तबकड्या अद्याप वाचता येतात काय हे लवकर पाहून त्यांतील मजकूर नव्या डिस्कवर उतरवून घ्यावा हे बरे.

तात्पर्य, कायम टिकणारे साधन म्हणून कोणतेच नाही. माहिती टिकते ती एकाहून अधिक प्रती असल्यामुळे, आणि त्या प्रती वेळोवेळी नव्या साधनावर उतरविल्यामुळे. आपल्याकडील जुन्या पोथ्याही याच रीतीने टिकल्या. मूळ भूर्जपत्र किंवा ताडपत्र जीर्ण होऊन गेले, परंतु त्यावरून नकलून घेतलेल्या प्रती निरनिराळ्या गावी राहिल्या.

पुसलेली फाईल कोठे जाते?

घरगुती नुकसानीचे एक सामान्य कारण म्हणजे आपल्याच हातून फाईल पुसली जाणे. अशा वेळी नेमके काय घडते हे समजले तर गोंधळ उडत नाही आणि पुष्कळदा नुकसानही टळते.

साधारणतः फाईल पुसल्यावर ती प्रथम संगणकातील कचरापेटीत, म्हणजे रिसायकल बिनमध्ये जाते. तेथून ती एका आज्ञेने परत आणता येते. ही पेटी रिकामी केली की फाईल गेली, असे आपण समजतो. फिरत्या चकतीच्या बाबतीत मात्र हे पूर्णपणे खरे नाही. ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. ग्रंथपालाने एखाद्या पुस्तकाचे सूचिपत्र फाडून टाकले, पण पुस्तक कपाटातच राहू दिले, तर वाचकाच्या दृष्टीने ते पुस्तक नाहीसे होते. वस्तुतः ते जागेवरच असते. त्या जागी दुसरे पुस्तक ठेवले गेले की मगच ते खरोखर जाते. हार्ड डिस्कवरही असेच होते. पुसण्याच्या आज्ञेने सूचीतील नोंद काढली जाते व ती जागा मोकळी समजली जाते. तीवर नवा मजकूर लिहिला जाईपर्यंत जुना मजकूर तेथेच असतो.

यावरून दोन व्यवहार्य नियम निघतात. पहिला असा की, महत्त्वाची फाईल चुकून पुसली गेल्याचे लक्षात येताच त्या संगणकावर पुढे काहीही काम करू नये. नवी छायाचित्रे उतरवू नयेत, चित्रपट पाहू नये. पुसलेली फाईल शोधून देणारी आज्ञावलीही त्याच डिस्कवर बसवू नये, कारण ती बसविताना ज्या जागेतून आपणास फाईल परत मिळवावयाची आहे तीच जागा व्यापली जाण्याचा संभव असतो. संगणक बंद करावा, डिस्क काढून ती दुसऱ्या संगणकास जोडावी किंवा जाणकाराकडे न्यावी. एसएसडीच्या बाबतीत मात्र ही आशा फारच थोडी असते. तेथे मोकळी झालेली जागा पुढील लेखनासाठी आपोआप साफ करून ठेवण्याची व्यवस्था असते आणि ती काही वेळातच आपले काम उरकते.

दुसरा नियम याच्या उलट दिशेचा आहे. जुना संगणक विकताना किंवा कोणास देताना केवळ फाईली पुसून भागत नाही, कारण सूचिपत्र फाडले तरी पुस्तके कपाटात राहिलेली असू शकतात. बँकेची कागदपत्रे व घरची छायाचित्रे परक्याच्या हाती पडू नयेत यासाठी विंडोजमधील यंत्र पूर्ववत करण्याची सोय वापरावी आणि त्यातील डिस्क पूर्णपणे साफ करण्याचा पर्याय निवडावा. जुनी हार्ड डिस्क काढून घरीच ठेवली तरी चालते.

दोन बोधप्रद प्रसंग

बॅकअपचा विषय निघाला की ते मोठ्या कार्यालयांचे काम आहे असे घरगुती वापर करणाऱ्यास वाटते. मोठ्या संस्थांच्या बाबतीत घडलेले दोन प्रसंग पाहिले तर त्यांतील धडा घरालाही तितकाच लागू पडतो असे आढळून येईल.

पहिला प्रसंग १९९८ मधील. अमेरिकेतील पिक्सार या संस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या संगणकनिर्मित चित्रपटाचे काम चालू होते. चित्रपटाची सर्व सामग्री ज्या संगणकांवर होती तेथे चुकून पुसण्याची आज्ञा दिली गेली आणि पात्रे, दृश्ये, देखावे भराभर नाहीसे होऊ लागले. संस्थेत बॅकअप घेण्याची रीतसर व्यवस्था होती. परंतु तो परत उतरविण्यास घेतला तेव्हा तो सदोष असल्याचे उघडकीस आले. काही काळापासून तो नीट घेतलाच जात नव्हता आणि कोणी तपासून पाहिले नव्हते. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेमुळे. बाळंतपणानंतर घरून काम करता यावे म्हणून त्यांनी सामग्रीची एक प्रत घरच्या संगणकावर ठेवली होती. त्या प्रतीच्या आधारे बहुतांश काम परत मिळाले.

दुसरा प्रसंग अलीकडचा आहे व त्याची झळ आपल्या देशासही लागली. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाची विध्वंसक आज्ञावली युक्रेनमध्ये सुटली आणि तेथून जगभर पसरली. ती ज्या संगणकात शिरे त्यातील माहिती निरुपयोगी करून टाकी. डेन्मार्कच्या मेर्स्क या जहाज कंपनीचे कामकाज तिने ठप्प केले. मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील, त्याच समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या धक्क्यावरील कामही त्यात अडकले. कोणत्या कर्मचाऱ्यास कोणत्या संगणकावर प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे मेर्स्कचे सुमारे दीडशे मध्यवर्ती संगणक जगभर विखुरलेले होते. ते एकमेकांशी सतत जोडलेले असत व प्रत्येकावर इतरांची नक्कल असे. त्यांतील एखादा बिघडला तर दुसऱ्यावरून तो उभा करता येईल, अशी कल्पना होती. सर्वच एकाच वेळी जातील हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते. शोध घेता घेता आफ्रिकेतील घाना देशाच्या कार्यालयात एक संगणक सुस्थितीत सापडला. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटला होता आणि त्यामुळेच वाचला. त्यावरील माहिती एका डिस्कवर घेऊन ती माणसाच्या हाती, विमानाने, नायजेरियामार्गे इंग्लंडला आणण्यात आली. मग कंपनीने सुमारे दहा दिवसांत ४००० मोठे संगणक व ४५,००० लहान संगणक नव्याने सज्ज केले.

या दोन प्रसंगांतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. तपासून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे. एकमेकांस सतत जोडलेल्या प्रती एकाच संकटात सापडतात. आणि वाचविणारी प्रत ही बहुधा वेगळ्या जागी, जाळ्यापासून तुटलेली अशी असते. पिक्सारला किंवा मेर्स्कला ती योगायोगाने मिळाली. आपण योगायोगावर विसंबू नये.

प्रती किती आणि कोठे?

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ‘तीन-दोन-एक’ हा नियम घरगुती वापरासाठी पुरेसा आहे. महत्त्वाच्या माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांतील एक तरी घराबाहेर असावी.

घराबाहेर का, हा प्रश्न कोणी विचारील. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य तळमजल्यांवरील घरे पाण्यात बुडाली. चेन्नईत डिसेंबर २०१५ मध्ये, केरळात ऑगस्ट २०१८ मध्ये आणि कोल्हापूर-सांगली भागात ऑगस्ट २०१९ मध्ये हेच घडले. संगणक मेजावर आणि त्याची प्रत असलेली डिस्क त्याच मेजाच्या खणात असेल तर पुराला दोन्ही सारखीच. आग व चोरी यांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल.

प्रत्यक्ष व्यवस्था अशी करावी. प्रथम माहितीची वर्गवारी करावी. चित्रपट, गाणी, विकत घेतलेल्या आज्ञावल्या इत्यादी गोष्टी पुन्हा मिळण्यासारख्या असतात. अनेक शासकीय दाखल्यांच्या अधिकृत संगणकीय प्रती २०१५ पासून सुरू असलेल्या डिजिलॉकर या शासकीय सेवेतून पुन्हा घेता येतात. उरते ती खरी जपण्याची माहिती: घरची छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे, स्वतःचे लेखन, हिशोब, पत्रव्यवहार. ही सर्व एकाच मोठ्या फोल्डरमध्ये एकत्र आणावी. बॅकअप राहून जाण्याचे एक मोठे कारण म्हणजे माहिती पडद्यावर, मोबाइलमध्ये, जुन्या पेन ड्राइव्हवर अशी दहा ठिकाणी विखुरलेली असते. मोबाइलमधील छायाचित्रे तर आवर्जून या फोल्डरमध्ये आणावीत. मोबाइल हरवणे किंवा पाण्यात पडणे हे संगणक बिघडण्यापेक्षा अधिक सहज घडते.

फाईलींना नावे देताना आरंभी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवावा. उदाहरणार्थ, ‘२०२४-०३-३१ वीज बिल’. दिवस आरंभी लिहिला तर निरनिराळ्या वर्षांतील एक तारखेच्या सर्व फाईली एकत्र येतात. वर्ष आरंभी असले म्हणजे संगणक त्या आपोआप कालक्रमाने लावतो, आणि दहा वर्षांनंतर दुसऱ्या कोणास ते फोल्डर उघडावे लागले तरी त्यास अर्थबोध होतो.

यानंतर दोन बाह्य हार्ड डिस्क घ्याव्यात. एक घरी असावी. महिन्यातून एकदा, किंवा काम अधिक असल्यास आठवड्यातून एकदा, ती संगणकास जोडून त्या फोल्डरची प्रत घ्यावी आणि काम संपताच ती काढून ठेवावी. काढून ठेवणे हा या कृतीचा आवश्यक भाग आहे. कायम जोडलेली डिस्क विजेच्या झटक्यात संगणकाबरोबरच जळू शकते, आणि खंडणीसाठी फाईली कुलूपबंद करणारी आज्ञावली तिच्यावरील प्रतीही सोडत नाही. दुसरी डिस्क एखाद्या नातलगाच्या घरी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये असावी आणि तीन-चार महिन्यांनी दोन्हींची अदलाबदल करावी. विंडोजमधील ‘फाईल हिस्टरी’ व अॅपलच्या संगणकातील ‘टाइम मशीन’ या सोयी डिस्क जोडलेली असताना बदललेल्या फाईलींच्या नव्या प्रती आपोआप घेतात आणि जुन्याही राखून ठेवतात. त्यामुळे मागील आठवड्यातील मजकूर आज चुकून बिघडला असेल तर तो मूळ रूपात परत मिळतो.

वर्षातून दोनदा तरी प्रत तपासावी. तपासणे याचा अर्थ डिस्क जोडून फोल्डर दिसते एवढेच पाहणे असा नाही. निरनिराळ्या वर्षांच्या पाच-दहा फाईली निवडून त्या शक्यतो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. छायाचित्र पूर्ण दिसते काय, ध्वनिमुद्रण शेवटपर्यंत ऐकू येते काय, हे पाहिल्याखेरीज खात्री बाळगू नये.

दूरस्थ साठवण

इंटरनेटवरून दूरच्या संगणकांवर माहिती ठेवण्याच्या सेवेस क्लाउड असे म्हटले जाते. घराबाहेरील प्रतीसाठी ती सोयीची आहे. तथापि तिच्यासंबंधी दोन गैरसमज दूर व्हावयास हवेत.

पहिला गैरसमज असा की, क्लाउडवर गेलेली गोष्ट कायम सुरक्षित असते. या सेवांपैकी पुष्कळ सेवा संगणकावरील फोल्डर व दूरस्थ फोल्डर एकसारखे ठेवण्याचे काम करतात. तुम्ही संगणकावरील फाईल पुसली की ती तेथूनही पुसली जाते. फाईल बिघडली की बिघडलेली फाईल तेथे जाते. मेर्स्कच्या एकमेकांशी जोडलेल्या संगणकांची जी गत झाली तीच येथे होऊ शकते. पुसलेली फाईल काही मुदतीपर्यंत परत मिळते. गूगल ड्राइव्हमध्ये ही मुदत तीस दिवसांची आहे. म्हणून एकसारखे ठेवणे आणि बॅकअप घेणे या भिन्न क्रिया होत, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा गैरसमज असा की, खाते एकदा उघडले म्हणजे ते कायमचे आपले झाले. दोन वर्षे वापर नसलेली वैयक्तिक खाती मजकुरासह काढून टाकता येतील, असा नियम गूगलने २०२३ मध्ये केला. मुलाच्या जन्मानंतर त्याच्या नावे खाते उघडून त्यात छायाचित्रे साठवीत गेलेल्या आणि पुढे ते विसरून गेलेल्या पालकांनी या नियमाची आठवण ठेवावी. अधूनमधून त्या खात्यात प्रवेश करणे एवढेच त्यासाठी पुरेसे आहे.

मराठी मजकुराचा विशेष प्रश्न

फाईल सुरक्षित आहे, ती उघडतेही, परंतु वाचता येत नाही, असा अनुभव भारतीय भाषांत काम करणाऱ्यांना पुष्कळदा येतो. त्याचे कारण ऐतिहासिक आहे.

संगणकात अक्षरे साठविली जातात ती अंकांच्या रूपाने. कोणत्या अक्षरास कोणता अंक, हे सर्वांनी एकमताने ठरविले असेल तरच एकाने लिहिलेले दुसऱ्यास वाचता येते. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक निघाले, आणि त्याच वर्षी जगातील लिप्यांना एका सूत्रात आणणाऱ्या ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. परंतु घरगुती संगणकांवर युनिकोडची सोय रुळण्यास पुढे बराच काळ लागला. दरम्यान निरनिराळ्या फॉन्टनिर्मात्यांनी इंग्रजी अक्षरांसाठी नेमलेल्या जागांवर देवनागरीच्या आकृत्या बसविल्या. कृतिदेव या हिंदीत बहुप्रचलित फॉन्टमध्ये ‘क’ हे अक्षर इंग्रजी ‘डी’च्या जागी आहे. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर ‘क’ऐवजी ‘डी’ दिसते आणि सबंध लेख इंग्रजी अक्षरांचा निरर्थक ढीग वाटतो. मराठीत वापरल्या गेलेल्या जुन्या फॉन्टांचीही हीच कथा आहे.

ज्यांच्याकडे असे जुने लेखन आहे त्यांनी ते युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेण्यास विलंब लावू नये. जुने फॉन्ट व ते चालविणारे संगणक दिवसेंदिवस दुर्मिळ होत जाणार आहेत. रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत, परंतु त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाई, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठविली जाते. रफाराची जागाही बदलते. चुका होतात त्या प्रामुख्याने येथे व जोडाक्षरांत. म्हणून मुद्रित वाचन करावे आणि मूळ फाईल टाकून न देता रूपांतरित फाईलीशेजारीच ठेवावी. त्याचबरोबर पृष्ठे जशीच्या तशी दाखविणारी पीडीएफ प्रतही काढून ठेवावी.

लिखित मजकुराची प्रत ठेवण्यास जागा फारच थोडी लागते. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. एक लाख शब्दांचा ग्रंथ म्हणजे सुमारे दोन मेगाबाइट. एका छायाचित्राहूनही कमी. तेव्हा प्रबंध किंवा कादंबरी लिहिणाऱ्याने दररोजच्या कामानंतर ती स्वतःलाच ईमेलने पाठविली तरी एक प्रत घराबाहेर सुरक्षित राहते. हा उपाय अगदी साधा आहे आणि त्यास खर्च येत नाही.

पासवर्ड आणि कुटुंब

बॅकअप सर्व प्रकारे सिद्ध आहे, पण तो उघडण्याचा मार्ग फक्त एकाच माणसास ठाऊक आहे, अशी स्थिती असंख्य घरांत असते. त्या व्यक्तीस अपघात झाला, स्मृतिभ्रंश झाला किंवा तिचा मृत्यू झाला तर दुःखात असलेल्या कुटुंबापुढे बंद संगणक उभा राहतो. छायाचित्रे त्यातच, विम्याची व गुंतवणुकीची कागदपत्रे त्यातच.

अलीकडील अनेक संगणकांत डिस्कवरील सर्व माहिती कूटलिपीत रूपांतरित करून ठेवण्याची व्यवस्था असते. संगणक चोरीस गेला तरी माहिती परक्यास वाचता येऊ नये हा तिचा हेतू. परंतु किल्ली हरवली तर घरच्या माणसासही ती वाचता येत नाही, आणि कोणताही तंत्रज्ञ तेथे काही करू शकत नाही. विंडोजच्या बिटलॉकर या व्यवस्थेत अशा प्रसंगासाठी ४८ अंकांची एक किल्ली असते. ती कागदावर छापून घ्यावी. तिच्यासोबत संगणकाचा, ईमेलचा व दूरस्थ साठवणीचा पासवर्ड, बाह्य डिस्क कोठे ठेवल्या आहेत ती जागा, आणि महत्त्वाच्या फोल्डरचे नाव ही माहिती लिहून पाकीट बंद करावे. घरातील मालमत्तेचे मूळ कागद जेथे ठेवले जातात तेथेच ते ठेवावे आणि पती-पत्नी दोघांस किंवा एखाद्या सज्ञान अपत्यास त्याची कल्पना द्यावी. पासवर्ड कागदावर लिहू नये असे सांगितले जाते ते संगणकाच्या पडद्यावर चिकटविलेल्या चिठ्ठीस उद्देशून होय. कुलपातील पाकीट ही वेगळी बाब आहे. पासवर्ड बदलला की पाकिटातील कागदही बदलावा, आणि बँकेचे व्यवहार करण्याचे गुप्त अंक मात्र त्यात लिहू नयेत. त्या बाबतीत नामनिर्देशनाची रीतसर सोय आहे.

येथेच आणखी एका सवयीचा उल्लेख केला पाहिजे. संगणक वेळोवेळी दुरुस्त्या स्वीकारण्याची परवानगी मागतो आणि आपण ती पुढे ढकलीत जातो. नॉटपेट्याने ज्या दोषांचा फायदा घेतला त्यांतील एका प्रमुख दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये, म्हणजे तीन महिने आधीच, दिलेली होती. यास्तव दुरुस्त्या वेळीच स्वीकाराव्यात. विंडोज १० ची नियमित विनामूल्य सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. ज्यांचे संगणक अद्याप तीवर चालतात त्यांनी बॅकअपची निकड इतरांपेक्षा अधिक मानावी.

वर्षाचा क्रम

वर सांगितलेले सर्व एका दिवसात करावे अशी अपेक्षा नाही. एखाद्या रविवारी महत्त्वाच्या फाईली एका फोल्डरमध्ये आणाव्यात. पुढील रविवारी डिस्क आणून पहिली प्रत घ्यावी. त्यानंतर दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी, जसे की वीज बिल भरण्याच्या दिवशी, ती प्रत नवी करावी. दिवाळीच्या साफसफाईत आणि आर्थिक वर्षाच्या अखेरीस, अशी वर्षातून दोनदा प्रतीची तपासणी करावी. पाच-सहा वर्षांनी डिस्क जुनी झाली असे समजून माहिती नव्या डिस्कवर उतरवावी.

या कामी लागणारा वेळ महिन्याकाठी अर्ध्या तासाहून क्वचितच अधिक असतो. डिस्क कधी ना कधी निकामी होणारच, हे गृहीत धरून चालावे. ती निकामी होईल त्या दिवशी घरात दुसरी प्रत असेल तर कुटुंबास एका नव्या डिस्कचा खर्च येईल. प्रत नसेल तर आजीचा आवाज पुन्हा ऐकावयास मिळणार नाही. या दोहोंतील निवड त्या दिवशी करता येत नाही, ती आधीच करावी लागते.